विदुषी इरावतीबाई कर्वे

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पारनेर तालुक्यात, सुपा हे गाव आहे. पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या माणसांचा हा मुलूख आज औद्योगिक वसाहतीमुळे गजबजून गेला आहे. सकाळच्या वेळी येथील एस. टी.च्या थांब्यापाशी घटकाभर उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहावे. फेटा बांधलेला एखादा वृद्ध शेतकरी, पांढरी टोपी घातलेला दूधवाला, खांद्यावर घोंगडी टाकून मेंढरांमागे चाललेला धनगर, कारखान्याच्या पाळीला निघालेला परप्रांतीय तरुण, पाठीला दप्तर लावून शाळेकडे धावणारी मुले, अशी नाना तऱ्हेची माणसे दृष्टीस पडतात. कोणाचे डोके लांबट, तर कोणाचे वाटोळे. कोणाचे कपाळ रुंद, तर कोणाचे अरुंद. एकासारखा दुसरा चेहरा नाही.

मुलांनो, या माणसांची डोकी नुसती पाहून, किंवा हवी तर मोजपट्टीने मोजून, त्यांतील बुद्धिमान कोण आणि मंद कोण हे सांगता येईल काय? या प्रश्नाला तुम्ही कदाचित हसाल. परंतु शंभर वर्षांपूर्वी युरोपातील मोठमोठे पंडित या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देत असत. इतकेच नव्हे, तर गोऱ्या लोकांच्या डोक्याची घडणच अशी आहे की त्यांची बुद्धी इतरांहून श्रेष्ठ ठरावी, असे ते मानीत. त्या पंडितांच्या नगरीत जाऊन, त्यांच्याच प्रयोगशाळेत बसून, त्यांच्याच उपकरणांनी मोजमाप करून हे मत टिकत नाही असे दाखवून देणारी एक मराठी तरुणी होती. सुप्यावरून जाणारा हा रस्ता पुण्याच्या बाजूला जेथे येरवड्यास पोहोचतो, तेथील डेक्कन कॉलेजात पुढे त्यांनी आपले आयुष्य वेचले. त्या विदुषीचे नाव डॉ. इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान या गावी झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर हे तेथे कापसाच्या एका कंपनीत अभियंता म्हणून काम करीत होते. ब्रह्मदेशाची जीवनदायिनी जी इरावती नदी, तिचेच नाव वडिलांनी आपल्या कन्येला ठेवले. कन्येला चांगले शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी तिला वयाच्या सातव्या वर्षी पुण्यास हुजूरपागा या मुलींच्या शाळेच्या वसतिगृहात पाठविले. आईबापांपासून इतक्या दूर राहणे त्या कोवळ्या वयात सोपे नव्हते. परंतु शाळेत त्यांना शकुंतला परांजपे ही मैत्रीण लाभली आणि तिच्यामुळे रँग्लर परांजपे यांच्या घराचे दार त्यांना उघडले. रँग्लर परांजपे हे केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले भारतीय पंडित आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्या घरी इरावतीबाई मुलीसारख्या वाढल्या. त्या घरात पुस्तके होती, चर्चा होती, आणि कोणतीही गोष्ट थोरांनी सांगितली म्हणून नव्हे तर बुद्धीला पटली म्हणून स्वीकारावी, असे वातावरण होते.

फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान हा विषय घेऊन इरावतीबाई १९२६ साली पदवीधर झाल्या. पुढे मुंबई विद्यापीठात प्रा. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ साली एम. ए. ची पदवी संपादन केली. याच काळात दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव हे स्त्रीशिक्षणाचे महान पुरस्कर्ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः जर्मनीत संशोधन करून डॉक्टरेट मिळवून आले होते. आपल्या पत्नीनेही तेथे जाऊन उच्च शिक्षण घ्यावे, असे त्यांना वाटत होते. नवल असे की, ज्या महर्षींनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य झिजविले, त्यांना सुनेने परदेशी जावे हा बेत मान्य नव्हता. तरीही पतिपत्नींचा निश्चय ढळला नाही. डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, त्यांनी खर्चासाठी कर्ज दिले आणि इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या.

त्यांना तेथे काय करावयाचे होते, हे समजण्यासाठी आपण थोडे मागे गेले पाहिजे. आपण विचार करतो, बोलतो, रागावतो, आठवण ठेवतो, ते सारे कशाच्या बळावर? फार पूर्वी कित्येक देशांतील लोक मनाचे स्थान हृदयात आहे असे समजत. हळूहळू वैद्यांच्या लक्षात आले की या व्यापारांचे मुख्य ठिकाण मेंदू आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी गॉल नावाच्या एका जर्मन वैद्याने असे प्रतिपादन केले की, मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे आहेत. ही कल्पना मोलाची होती. परंतु गॉल तेवढ्यावर थांबला नाही. ज्या माणसाचा जो गुण मोठा, त्याच्या मेंदूचा तो भाग फुगलेला असतो आणि म्हणून कवटीवरही तेथे उंचवटा येतो, असे त्याने ठरवून टाकले. डोके चाचपून माणसाचा स्वभाव सांगण्याचे मग जणू खूळच पसरले. पुढे शास्त्रीय कसोटीला हे मत उतरले नाही.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने मात्र एक खरा शोध लावला. त्याच्याकडे आलेल्या एका रुग्णाला दुसऱ्याचे बोलणे समजत असे, पण स्वतःला एका अक्षराखेरीज काही उच्चारता येत नसे. त्या रुग्णाच्या मृत्यूनंतर ब्रोकाने मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूस, कपाळाच्या मागील भागात, इजा झालेली आढळली. पुढे अशीच आणखी उदाहरणे मिळाली आणि बहुतेक माणसांच्या वाचेचे काम मेंदूच्या डाव्या बाजूकडे असते, हे सिद्ध झाले. अर्थात मनाला शरीराचा आधार आहे आणि मेंदूच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नाहीत, या दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या.

परंतु खऱ्या शोधाला खोट्या समजुतीची जोड मिळावयास वेळ लागत नाही. मेंदू बुद्धीचे ठिकाण असेल, तर मोठ्या मेंदूत मोठी बुद्धी असली पाहिजे, असा तर्क पुष्कळांनी केला. अमेरिकेत मॉर्टन नावाच्या वैद्याने शेकडो कवट्या जमविल्या. त्यांत आधी बिया आणि पुढे शिशाच्या बारीक गोळ्या भरून त्यांचे आकारमान काढले आणि त्यावरून मानवजातींची उतरंड मांडली. हा तर्क किती फसवा आहे, ते एका उदाहरणावरून ध्यानात येईल. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांचा मेंदू मृत्यूनंतर तोलला, तेव्हा तो दोन किलोग्रॅमहून थोडा अधिक भरला. फ्रेंच साहित्यिक अनातोल फ्रान्स यांचा मेंदू जेमतेम एक किलोग्रॅमचा भरला. दोघेही जगन्मान्य लेखक! तराजूने जर बुद्धी तोलता आली असती, तर यांतील एकाला लेखणीही धरता आली नसती.

बर्लिन शहराच्या डालेम भागात १९२७ साली कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था स्थापन झाली होती. मानवाचे वंश आणि आनुवंशिकता यांचा अभ्यास करणे हे तिचे कार्य. संस्थेचे संचालक प्रा. ऑयगेन फिशर यांचा त्या काळी मोठा दबदबा होता. माणसाचे गुणावगुण त्याच्या वंशावरून ठरतात, असे त्यांचे मत होते. मानवी कवटीची उजवी आणि डावी बाजू थोडी कमीअधिक असते, हे त्यांना ठाऊक होते. त्यावरून त्यांनी असे अनुमान केले होते की, गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग अधिक वाढलेला असावा. त्याला जागा मिळावी म्हणून त्याच्या कवटीच्या दोन बाजू अधिक विषम झाल्या असाव्यात. आणि त्याची तर्कबुद्धी श्रेष्ठ असण्याचे कारण हेच असावे. हे अनुमान कवट्या मोजून तपासण्याचे काम त्यांनी इरावतीबाईंकडे सोपविले.

विचार करा, हे काम केवढे विलक्षण होते! ज्या भारतावर गोऱ्यांचे राज्य होते, त्या भारतातून आलेल्या विद्यार्थिनीने गोऱ्यांचे श्रेष्ठत्व मोजून दाखवावयाचे होते. परंतु शास्त्राच्या अभ्यासकाला कामाचा राग किंवा लोभ धरून चालत नाही. इरावतीबाईंनी १४९ कवट्या निवडल्या. त्यांत युरोपीय लोकांच्या कवट्या होत्या, तशाच इतर खंडांतील लोकांच्याही होत्या. एकेक कवटी घ्यावयाची, तिची मध्यरेषा निश्चित करावयाची, कॅलिपर लावून डाव्या आणि उजव्या बाजूंची अंतरे मोजावयाची, आकडे लिहून घ्यावयाचे, आणि मग साऱ्या आकड्यांची परस्परांशी तुलना करावयाची, असे ते काम होते. केसाएवढी चूक झाली तरी निष्कर्ष बिघडावयाचा. परक्या देशात, परक्या भाषेत हे काम त्यांनी चिकाटीने पार पाडले.

त्या निर्जीव कवट्याही एके काळी हसत-बोलत असलेल्या माणसांच्याच होत्या, हे विसरता कामा नये. जर्मनीतील अशा संग्रहांत आफ्रिकेतील व इतर वसाहतींतून, मृतांच्या आप्तांना न विचारता आणलेल्या कवट्या पुष्कळ होत्या. पुढे कितीतरी वर्षांनी, २०११ साली, बर्लिनमधील एका रुग्णालयाने आपल्या संग्रहातील अशा वीस कवट्या नामिबिया देशाला सन्मानपूर्वक परत केल्या.

इरावतीबाईंच्या आकड्यांतून काय निघाले? कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, ही गोष्ट खरी ठरली. परंतु ही विषमता एकट्या गोऱ्या माणसांची मिरास नव्हती. ती सर्वच मानवसमूहांत आढळत होती. माणूस कोणत्या वंशाचा आहे आणि त्याच्या कवटीच्या दोन बाजूंत किती फरक आहे, यांचा परस्परांशी काहीही संबंध दिसेना. ज्या पायावर श्रेष्ठत्वाचे अनुमान उभे होते, तो पायाच तेथे नव्हता.

आता खरी परीक्षेची वेळ आली. गुरूंचे मत एक आणि आकडे सांगतात ते दुसरे. पदवी द्यावयाची की नाही, हे गुरूंच्या हाती होते. कर्ज काढून, घरच्या वडीलधाऱ्यांचा विरोध पत्करून त्या इतक्या दूर आल्या होत्या. रिकाम्या हाताने परतणे म्हणजे केवढी नामुष्की! चार आकडे गाळून, दोन शब्द मोघम लिहून गुरूंना प्रसन्न करणे काही अवघड नव्हते. परंतु इरावतीबाईंनी तसे केले नाही. जे मोजले तेच लिहिले, आणि जे दिसले नाही ते दिसले असे म्हटले नाही. फिशर यांनी या प्रबंधाला सर्वांत खालची श्रेणी दिली. तरी पदवी नाकारावी असे त्यात काही नव्हते. दोन वर्षांच्या परिश्रमांनंतर डॉक्टरेट मिळवून इरावतीबाई मायदेशी परतल्या.

त्यांच्या या धैर्याचे मोल पुढे जर्मनीत जे घडले त्यावरून कळते. १९३३ साली तेथे हिटलरच्या हाती सत्ता आली. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांची संस्था नव्या राजवटीच्या वंशविषयक धोरणाला शास्त्राचा आधार पुरवू लागली. हीन ठरविलेल्या सुमारे चार लाख माणसांना मूल होऊ नये म्हणून त्यांच्यावर सक्तीने शस्त्रक्रिया करण्यात आल्या. पुढे महायुद्धाच्या काळात सुमारे साठ लाख ज्यू स्त्री-पुरुषांची आणि मुलांची हत्या झाली. माणसांची उतरंड लावणारे मत प्रयोगशाळेतून राजवाड्यात गेले की त्याचा शेवट असा होतो. एका मराठी विद्यार्थिनीच्या प्रबंधाने हा अनर्थ टळला नाही, हे खरे. परंतु त्या मताला शास्त्राचा आधार नाही, हे मात्र आधीच लिहून ठेवले गेले होते.

स्वदेशी आल्यावर इरावतीबाईंनी काही वर्षे मुंबईस महिला विद्यापीठात प्रशासनाचे काम केले आणि १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र शिकवू लागल्या. तेथे त्यांना डॉ. हसमुख सांकलिया यांच्यासारखे थोर पुरातत्त्वज्ञ सहकारी म्हणून लाभले. गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात दोघांनी मिळून अश्मयुगीन मानवाच्या अवशेषांचा अभ्यास केला. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने जे उत्खनन केले, तेही सांकलियांच्याच नेतृत्वाखाली. प्रवरेच्या काठी तीन हजार वर्षांहून जुन्या घरांच्या जमिनीखाली, मातीच्या भांड्यांत पुरलेल्या लहान मुलांच्या अस्थी तेथे मिळाल्या. आपले मूल आपल्या घराच्या उंबरठ्याआत विसावावे, असे वाटणारे ते आईबाप आपल्याहून मनाने फार निराळे नसावेत.

माणसाचे शरीर मोजून त्याचे मन कळत नाही, तर मग ते कशाने कळेल? इरावतीबाईंनी यासाठी माणसांच्या नात्यागोत्यांचा अभ्यास हाती घेतला. भारतभर हिंडून त्यांनी नात्यांचे शब्द, विवाहाच्या चाली आणि घरातील वागण्याच्या रीती गोळा केल्या. १९५३ साली भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याने त्यांची कीर्ती देशोदेशी नेली. एक साधे उदाहरण घ्या. महाराष्ट्रातील कित्येक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न होते आणि ते आनंदाने साजरे केले जाते. उत्तर भारतातील पुष्कळ हिंदू समाजांत तीच मुलगी सख्ख्या बहिणीसारखी मानतात आणि तसा विवाह निषिद्ध समजतात. दोन्हीकडील माणसांचे मेंदू एकाच घडणीचे आहेत. तरीही एकाला जे मंगल वाटते, ते दुसऱ्याला वर्ज्य वाटते. हा फरक हाडांतून आलेला नाही. तो आईच्या मांडीवर, घरच्या बोलण्यातून आणि गावच्या रीतीतून येतो.

मोजपट्टी मात्र त्यांनी कायमची बाजूला ठेवली नव्हती. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत जाऊन त्यांनी अनेक जातिजमातींच्या लोकांची शारीरिक मापे घेतली. १९६८ साली, कैलाश मल्होत्रा यांच्यासमवेत, एकाच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या आठ ब्राह्मण पोटजातींची जीवशास्त्रीय तुलना त्यांनी प्रसिद्ध केली. नाव आणि दर्जा एक असला, तरी हे समूह शरीराच्या दृष्टीने परस्परांचे निकटचे नातेवाईक ठरत नाहीत, असे त्यांना आढळले. माणसांचे वंश पाडण्याच्या त्या काळातील काही कल्पना त्यांच्याही लेखनात आहेत आणि आजच्या शास्त्राने त्या मागे टाकल्या आहेत. परंतु आधी मोजावे आणि मग बोलावे, ही त्यांची रीत मात्र जुनी झालेली नाही.

माणसांना जवळून पाहता यावे म्हणून त्या पंढरीच्या वारीतही पायी चालल्या. एकाच मुखाने हरिनाम गाणारे वारकरी जेवणाच्या वेळी मात्र जातीजातीने वेगळे बसतात, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही आणि त्यांनी ते मनाला लावून घेतले. या अनुभवावर त्यांनी लिहिलेला लेख मराठी साहित्यात मानाचे स्थान मिळवून आहे. ‘परिपूर्ती’ आणि ‘भोवरा’ या त्यांच्या लेखसंग्रहांत विदुषीची सूक्ष्म दृष्टी आणि गृहिणीचा जिव्हाळा एकत्र नांदतात. ‘युगान्त’ या ग्रंथात त्यांनी महाभारतातील थोर व्यक्तींकडे देव म्हणून नव्हे, तर सुखदुःखांनी आणि लोभमोहांनी घेरलेली माणसे म्हणून पाहिले. या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

त्यांचे स्वतःचे वागणेही असेच स्वतंत्र होते. स्त्रियांनी वाहन चालविणे नवलाचे वाटे, त्या काळात पुण्याच्या रस्त्यांवरून त्या स्कूटर चालवीत. घर, तीन मुले, अध्यापन, प्रवास आणि लेखन हे सारे त्यांनी एकाच वेळी सांभाळले. कोयना धरणामुळे ज्यांची घरेदारे पाण्याखाली गेली, त्यांची पाहणी करून त्यांची दुःखे त्यांनी सरकारपुढे आणि लोकांपुढे मांडली. त्या पाहणीचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी इरावतीबाईंचे पुण्यात निधन झाले.

त्यांच्यानंतर मेंदूचे ज्ञान फार पुढे गेले आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्या एकमेकींशी असंख्य धाग्यांनी जोडलेल्या असतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. जगातील कोणत्याही दोन माणसांचा जनुकीय आराखडा सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो, हेही सिद्ध झाले आहे. आणखी एक गोष्ट कळली आहे, ती तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. जन्माच्या वेळी मेंदू पूर्ण घडलेला नसतो. पुढील काही वर्षांत तो झपाट्याने वाढतो आणि चेतापेशींची जोडणी तर आयुष्यभर बदलत राहते. गर्भवती मातेच्या आहारात आयोडीन फारच कमी पडले, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. म्हणूनच मिठात आयोडीन मिसळतात. पोटभर सकस अन्न, मायेचा शब्द, गाणी-गोष्टी, खेळ आणि शिक्षण यांनी मेंदू घडतो. नवा पाढा पाठ केला किंवा नवी भाषा शिकली, की ती जोडणी थोडी बदलते. बुद्धीला शरीराचा आधार आहे, हे अगदी खरे. पण ते शरीर कोणत्या जातीत किंवा कोणत्या देशात जन्मले, यावरून बुद्धीची किंमत ठरत नाही.

आपणही कित्येकदा नकळत कवट्या मोजणाऱ्या त्या पंडितांसारखे वागतो. अमुक घरचा मुलगा, त्याला गणित कोठून येणार. अमुक वस्तीतील मुलगी, तिला वाचन कशाला हवे, असे कोणीतरी सहज बोलून जाते. ज्याच्याविषयी ते बोलले जाते, त्या मुलाच्या कानावर ते पडते आणि त्याचा हात पाटीवरून मागे सरतो. असे काही ऐकले म्हणजे बर्लिनच्या प्रयोगशाळेत कवटीला कॅलिपर लावून बसलेल्या इरावतीबाईंची आठवण करावी आणि हे खरोखर कोणी तपासून पाहिले आहे काय, असा प्रश्न विचारावा.

सुप्याच्या थांब्यावर उद्या सकाळीही ती माणसे येतील: फेटेवाले, टोपीवाले, घोंगडीवाले, दप्तरवाले. त्यांच्या डोक्यांचे आकार निरनिराळे असतील. त्या डोक्यांच्या आत काय आहे, ते मात्र त्यांच्याशी बोलल्याशिवाय, त्यांना शिकण्याची आणि काम करण्याची संधी मिळाल्याशिवाय कोणालाही कळणार नाही. इरावतीबाईंनी मोठ्या कष्टाने मिळविलेले ज्ञान हेच आहे, आणि ते जपणे आता आपल्या हाती आहे.